एका भरतीपुरतं

बर्फाच्या कारखान्यातलं हिशेबाचं टेबल
मी दोन फूट उंच करून घेतलंय.
सुताराने विचारलं, बसणार कसं?
म्हटलं, उभ्याने. उधारी उभ्यानेच लिहिलेली बरी.

वादळाच्या दिवशी हर्णै बंदरात
पाणी दारातून आलंच नाही,
मागच्या गटारातून आलं, उलटं, चोरासारखं.
पत्रे नंतर उडाले.
मी अमोनियाचा व्हॉल्व्ह बंद करायला धावले.
ते बरोबरच होतं; कारखान्यात सात माणसं होती.
पण सीपीयू खाली जमिनीवर, पायाशी,
आणि पेनड्राइव्ह त्यालाच खोचलेला.
बॅकअप म्हणे!
बुडत्या होडीला बांधलेली दुसरी होडी.

चौथ्या दिवशी दापोलीहून भाचा आला, ओवेस,
आडवी झाडं ओलांडत.
हार्ड डिस्क त्याने कानाशी हलवली,
नारळात पाणी आहे का बघतात तशी.
होतं पाणी. खारं.

मग पाजपंढरीचे नाखवे येत गेले एकेक.
हरेश्वर चोगले म्हणाला, माझ्या बावन्न लाद्या.
पावशांच्या सुनेने भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा
मोजून सांगितल्या; भिंत तेवढी उभी होती.
कुणी कमी सांगितलं असेल.
एकाने जास्त सांगितलं, मला ठाऊक आहे,
त्याच्या होडीच्या फळ्या
मी स्वतः वाळूत पाहिल्या होत्या.
बेरीज अकरा हजारांनी तुटली.
ते मी दर्याच्या नावावर मांडले.

ओवेस म्हणाला, खाला, प्रश्न दोनच,
बाकी सगळ्या वायरी.
किती वेळ बंद राहिलेलं चालेल?
आणि किती गेलेलं सोसेल?

पहिल्याचं उत्तर मला येत होतं.
भुशात, गोणपाटाखाली लादी टिकते तेवढा वेळ.
दीड दिवस. मे महिन्यात कमी.
त्यानंतर गिऱ्हाईक दाभोळला जातं
आणि तिकडचंच होतं.

दुसऱ्याला रात्र लागली.
सकाळी सांगितलं, एका भरतीपुरतं.
सहा तासांचं गेलं तर मला आठवतं:
कुणी किती लाद्या उचलल्या, कोण खोकत होतं,
सुटे नाहीत म्हणून कोण परत गेलं.
त्यापुढचं राहत नाही. डोकंही भिजतं.

म्हणून आता हिशेब तीन घरांत राहतो.
एक इथे, उंच टेबलावर.
एक डिस्क दापोलीला, बहिणीच्या कपाटात,
शालूखाली. दर आठवड्याला एसटीने जाते, दुसरी येते,
उधारीला डांबरगोळ्यांचा वास लागलाय.
तिसरी ओवेसच्या क्लाऊडवर.
मी म्हटलं, ढगाने नेलं ते ढगातच ठेवू?
तो हसला. म्हणाला, कुठेतरी कोरड्या जमिनीवर
मोठी खोली असते, यंत्रांची,
रात्रंदिवस गार ठेवावी लागते.
गार ठेवावी लागते म्हणाला,
तेव्हा मला पटलं.

आणि महिन्यातून एकदा, उधाणाच्या दिवशी,
मी हिशेबाचा स्विच पाडते.
काशीराम कुरकुरतो, चालू धंद्यात हे काय सोंग?
कोरा लॅपटॉप घ्यायचा,
दापोलीची डिस्क लावायची, घड्याळ बघायचं.
पहिल्या खेपेला काहीच उघडलं नाही;
पासवर्डचा कागद खालच्या खणात,
म्हणजे पुढच्या पुरात तोही गेला असता.
दुसऱ्या खेपेला तीन तास.
काल चाळीस मिनिटं.

नावं खालून वर येत जातात,
चोगले, पावसे, कुणाच्या चार लाद्या, कुणाची अर्धी.
ओवेसने विचारलं, ते दर्याचं खातं पुसू का?
अकरा हजार, येणे बाकी.
म्हटलं, राहू दे.
पडदा भरायला लागला
की मी आधी तेच शोधते.
ते आलं की सगळं आलं.