आठवा

तांडापेठेतल्या आमच्या शाळेत
फळा आता विजेवर चालतो.
सकाळी बटण दाबलं की आधी कंपनीचं नाव,
मग निळंच निळं,
आणि मग आतून एक बाई बोलते,
नुकतंच दूध प्यायल्यासारखा आवाज तिचा :
"चला मुलांनो, आज आपण महासागर ओळखू या."

"ही जेवते केव्हा?" रिदाने पहिल्याच दिवशी विचारलं.

दुसरीचा वर्ग. एकतीस पोरं, बत्तिसावं अधूनमधून.
समुद्र कुणी पाहिलेला नाही.
मी एकदाच, पुरीला, तोही रात्री,
नुसता ऐकून आले.
इथून कुठल्याही दिशेला निघा,
पाणी खारं व्हायला
रेल्वेत एक रात्र तरी झोपावं लागतं.

विचारलं, केवढा असेल रे?
तक्षील म्हणाला, "दोन अंबाझरी अन् एक फुटाळा."
मग बाकावरून अर्धा उठून,
"अन् गांधीसागर बी धरा, टीचर,
त्याच्या तं नावातच हाय."

गेल्या जुलैत छत गळलं.
पाणी नेमकं फळ्याच्या पाठीत शिरलं
आणि श्रीलंकेच्या खाली, ऑस्ट्रेलियाच्या अलीकडे
पोळीएवढा तुकडा मेला.
दिसतो निळाच. बोट लागत नाही.
देवमाशाला घरी पोहोचवायचा खेळ असतो,
ओढत ओढत आणावं तर तिथे येऊन तो अडतो,
थरथरतो,
सुटून मागे जातो आफ्रिकेला.
बाई म्हणते, "चुकले. पुन्हा प्रयत्न करा."
तिला काय माहीत.

एकदा ती म्हणाली, "खंड किती? आठवा पाहू, आठवा!"
चेतना परातेने बोटं मोजली,
सात झाली, आठवं उभंच राहिलं.
"टीचर, थो आठवा कोनता?"
मी तोंड उघडायच्या आत
ओजस उठला, फळ्यापाशी गेला
आणि मेलेल्या जागेवर तळहात ठेवला.
काहीच हललं नाही.
सगळ्यांना पटलं.

मग तिथे वस्ती झाली.
रिदाची हरवलेली बकरी गेली,
तक्षीलचा पडलेला दात,
लावण्याच्या आजोबांचा माग,
जो पाच वर्षं खोलीभर उभा होता
आणि एका रविवारी भंगारवाल्याच्या गाडीवर मावला.
तिथली भाषा काय, विचारलं तर म्हणाले,
तिथे बोलतच नाहीत. बाईला ऐकू जाईल.

मी थांबवायला हवं होतं.
पाठ्यक्रमात खंड सात आहेत
आणि मला त्याचाच पगार मिळतो.

तपासणीला साहेब आले.
कूलरसमोरची खुर्ची, चहा, बिस्कीट.
"बाळांनो, पृथ्वीवर खंड किती?"
"सात!" भिंतीचा पोपडा पडेल असे ओरडले,
मला हायसं वाटलं.
मग एका श्वासानंतर, हिशेब चुकू नये म्हणून,
लावण्या बारापात्रे :
"अन् एक बंद."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी कूलरकडे.

दिवाळीनंतर दुरुस्तीचा मुलगा आला,
पाठीवर बॅग, कानात गाणं.
मागचं झाकण काढलं तर
वाळून कागद झालेली एक पाल निघाली.
पोरं एकदम गप्प. कुणी ई केलं नाही.
त्याने तार बदलली, पट्टी बदलली,
हिंदी महासागरावर सरसर बोट फिरवून दाखवलं,
इकडून तिकडे, त्या गावातूनही,
आणि माझी सही घेऊन गेला.

बाई म्हणाली, "आता देवमाशाला घरी पोहोचवा."
चेतना उठली.
चवड्यांवर उभी राहिली,
आफ्रिकेपासून देवमासा धरला,
नीट आणला, आणला,
आणि श्रीलंकेखाली आल्यावर
मोठा वळसा घेतला, पार अंटार्क्टिकाला लागून.

"सरळ ने ना," मी म्हणाले, "लागतं आता बोट."

तिने मागे पाहिलं नाही.
"माहीत हाय," म्हणाली हळूच,
"झोपले असतीन थे लोकं."