काटा बारावर

निवृत्तीच्या पार्टीला तीस लिटरचा केग सांगितला
आणि तारीख ठरवताना कॅलेंडर पाहिलंच नाही.
निघाली तिळी चतुर्थी.
सातपूरची अर्धी शिफ्ट चंद्रोदयाची वाट बघत घरी बसली.
आलेल्यांत गायधनी पथ्यावर,
आणि गांगुर्डे साहेब चिवडा खाऊन गेले.

रात्री केग हलवून पाहिला.
धरण अजून निम्म्याच्या वर होतं.

भाचा म्हणाला, मामा, हा हातपंप आहे ना,
मारा चार दट्टे, येते की.
येते.
पण दट्ट्यागणिक आत जाते गच्चीवरची हवा,
जिच्यावर आपण जगतो तीच.
दुसऱ्या संध्याकाळी फेस ग्लासात टिकेना,
आणि वासाला भिजल्या पुठ्ठ्याची चुणूक.
वीणाने नुसतं हुंगलं :
"सादळली तुमची बिअर.
चिवड्याचा डबा उघडा राहिला की मी बोलते
ते उगाच नाही."

रविवार कारंज्यापाशी नजीर अत्तारचं सोड्याचं दुकान.
स्कूटरवर पुढे सिलिंडर, मागे तो.
स्वतः घेत नाही, चाखतही नाही,
केगला कान लावून ऐकतो फक्त.
"काका, वारा नका घालू. वायू घाला.
आपण नाकाने सोडतो ना, तो.
आपल्याला नको तोच हिला हवा."
झडप उचलून आतलं सगळं सोडलं,
तीनदा भरलं, तीनदा सोडलं.
"थोडा पुठ्ठा राहणार," म्हणाला,
"एकदा लागलेली हवा पुरती निघत नाही.
आणि गार ठेवा. गारव्यात वायू पाण्यात झोपतो,
ऊब लागली की उठून चालता होतो."

सांध्यांना साबणाचं पाणी मात्र मी लावलं.
चौतीस वर्षं कॉम्प्रेसरच्या हॉलमध्ये हेच.
बुडबुडा कुठे धरेल
ते डोळ्यांआधी बोटांना कळतं.
एक धरला, नटाच्या खाली.
पाव आटा दिला. गेला.
त्या आठवड्यात माझ्या हातून झालेलं काम, एवढंच.

जुन्या फ्रिजचे कप्पे काढून केग उभा केला.
भाजी गॅलरीत, द्राक्षांच्या थर्माकोल पेटीत;
निफाडकडून थंडी येतेय, बघेल तिचं ती.
नळी आतच गुंडाळायची,
नाहीतर पहिला ग्लास सगळा फेसच.
नळ रोज कढत पाण्याने, चिलटं बसायच्या आत.

मग चतुर्थीवाले यायला लागले, एकेक,
एकेका ग्लासापुरते.
खैरनार नागलीचे पापड घेऊन आला.
म्हणाला, तुमच्या जागी पोरगा बसवलाय,
हुशार आहे, पण काट्याकडे बघत नाही,
स्क्रीनकडे बघतो.
मी विचारलं, आवाज ऐकतो का?
खैरनारने पापड मोडला.
म्हणाला, कानात काहीतरी घातलेलं असतं.

रात्री दोनला जाग येते, तिसऱ्या पाळीची.
फ्रिज उघडतो. दिवा लागतो.
काटा बारावर.
चढला नाही, उतरला नाही.
जुन्या लॉगबुकात पानं उरली होती :
तारीख, वेळ, दाब.
सहीचा रकाना मोकळा सोडतो,
कुणाची घ्यायची ते ठरत नाही.

सतराव्या दिवशी सकाळी वही उघडली,
तर त्या रकान्यात वीणाचं अक्षर :
मेथी पिवळी पडतेय.
संपवा.