पासंग

मी तोलार आहे, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात.
सव्वीस वर्षं झाली.
काटा नवा असो की जुना,
त्यावर आधी माल टाकत नाही मी.
आधी वीस किलोचं छापाचं लोखंड ठेवतो
आणि आकडा थांबेपर्यंत गप्प उभा राहतो.

म्हणून तबिथा म्हणाली, पप्पा, वर्गात सगळ्यांकडे आहे
फोनमधला बोलणारा मदतनीस,
तेव्हा मी म्हटलं, आण.
पण आपल्या घरात येणार, तर आधी लोखंड ठेवून बघू.

शनिवारची रात्र. कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस.
ताटं उचलून झाल्यावर
मिठाच्या बरणीला टेकवून फोन उभा केला.
मंडळीतल्या रणभिसे मास्तरांनी एक सुचवला होता,
खास आपल्या लोकांसाठी केलेला,
महिन्याला एकशे एकोणपन्नास रुपये.
उघडला की कबुतर उडतं, घंटा वाजते.

शलोमीने त्याला विचारलं, तिचा भाऊ गेला त्याबद्दल.
क्षणात वचन आलं, बरोब्बर जखमेवर बसणारं.
खाली पत्राचं नाव, अध्याय पाचवा, ओवी नववी.
तिचे डोळे भरले.
मी कपाटावरून शास्त्र काढलं.
त्या पत्राला अध्याय चारच.
पाचवा असायला हवा तिथे
दुसऱ्याच गावच्या मंडळीचं पत्र सुरू होतं.
शलोमी म्हणाली, असता तर बरं झालं असतं.

त्याला चूक दाखवली. तो म्हणाला, क्षमा असावी,
मी तुमच्यासाठी प्रार्थना करीत आहे.
कोण? मी म्हटलं. गुडघे कुठायत?

दुसरा सगळ्यांचाच होता, फुकटातला,
कबुतर नाही की घंटा नाही.
शलोमीने पुन्हा तेच विचारलं.
तो म्हणाला, मला प्रार्थना करता येत नाही.
करणारं कुणी जवळ आहे का?
आणि भावाचं नाव काय होतं?

नाव.
दफनाच्या दिवशीही सगळे 'आपले बंधू'च म्हणाले होते.
शलोमी सांगत बसली, याकोब,
याकोबला चहात आलं चालायचं नाही,
याकोब पोहायला घाबरायचा आणि तरी वाशीच्या खाडीवर...
तबिथाने हात लांब करून फोन पालथा घातला.
म्हणाली, मला सांग ना, मम्मी.

तरी मी हट्टाने आणखी एक लोखंड ठेवलं.
शाळेला रजेचा अर्ज द्यायचा राहिला होता.
दोघांनाही सांगितलं,
संगमनेरला साखरपुड्याला गेलो होतो,
पण मुलीला ताप होता असं लिहा.
मास्तरांच्या वाल्याने ताप एकशे दोनवर नेला,
देवकृपेने आता बरी आहे, हेही वर घातलं.
दुसरा म्हणाला, अर्ज लिहून देतो,
पण ताप नव्हता तर ताप नको. साखरपुडाच लिहूया का?

तबिथा माझ्याकडे बघत होती,
आकडा थांबेपर्यंत बघतात तशी.

जुन्या तराजूचं एक पारडं रिकामं असतानाही झुकायचं.
मग वर गेलेल्या बाजूला खडा बांधायचे, त्याला पासंग म्हणत.
माझ्या बापाच्या तराजूला होता, चिंचोक्याएवढा,
काळ्या दोऱ्यात.
समोरच्याला वाटायचं, काटा सरळ आहे.
बाजारात मी दुसऱ्यांचे खडे लांबून ओळखतो.
माझ्याकडचे
अकरा वर्षांची पोर मोजत बसली होती
आणि मला पत्ताही नव्हता.

रविवारी उपासना सुटल्यावर, चपला घालताना
रणभिसे मास्तरांनी विचारलं, काय, घेतलात का?
म्हटलं, मास्तर, तुमच्यावाल्याचे पैसे परत मिळतात का?
ते जरा रागावले. बरोबर आहे त्यांचं.

दुसरा राहिलाय फोनमध्ये.
गणितापुरता, आणि दिवाणखान्यातच, दार उघडं ठेवून.
त्याच्यावरही महिन्याला एकदा लोखंड ठेवणार आहे.

अर्ज मात्र मी हाताने लिहिला.
साखरपुडा होता, म्हणून गैरहजर.
खाली सही, उजागरे.
ऱ्हस्व-दीर्घ तबिथाने तपासलं,
दोन चुका निघाल्या.