अकरावा

नॉर्मन, ओक्लाहोमा. दुपारचे दोन.
पडद्यावर अठरा मंगळवार शेजारी शेजारी,
सगळे आजच्या एकाच सकाळच्या पोटचे.
कुणाला अर्धा अंश ओल जास्त दिली,
कुणाचा वारा किंचित दक्षिणेचा केला,
बस, एवढ्यावर भावंडं वेगळी निघाली.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
इथे सतरा मुखं म्हणतायत:
वर उबदार हवेचं झाकण बसलंय, ते टिकेल,
आज ढग डोकं काढणार नाही.
अकरावा मात्र सव्वासहाला
चिकशेच्या नैर्ऋत्येला
एक लाल ठिपका ठेवतो,
शेपटीला आकडा आलेला.

चिकशेहून कोच हॅलॉकचा फोन.
मॅच घेऊ की नको?
मी म्हणते, सहा टक्के.
"टक्के नकोत, मॅडम, पोरं बूट घालून बसलीयत."
मी विचारलं, तळघराची किल्ली कुणाकडे असते?
तो जरा वेळ गप्प.
मग म्हणाला, बघतो.

साडेसहाला खिडकीतून पाहिलं:
फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे दोन ढग
उठले, चेपले, विरले.
आठ वाजता हॅलॉकचा निरोप:
सात-चार, जिंकलो. तुमचं वादळ कुठंय?
आणि खाली, जाता जाता:
किल्ली सापडली. कुलूपच गंजलंय.

शिफ्ट संपली तरी
मी अकराव्याची खिडकी बंद करत नाही.
त्याच्या मंगळवारात
अजून सव्वासहाच वाजलेत,
लिंबाएवढ्या गारा पत्र्यावर आदळतायत
आणि पोरांना मागे उभं करून
कुणीतरी
कुलपाशी झटतंय.