तोशोचं बी

घोट्यामागून काढलेला मज्जातंतूचा तुकडा,
करंगळीच्या पेराएवढाही नाही.
बाटलीवर फक्त आकडा,
पण कोर्मेहून आलाय म्हटल्यावर
अ कोरुन्याच्या या तळघरात सगळ्यांना कळतं कोणाचा.
एर्मितास लोउरो, वय अठ्ठावन्न.
दोन लाटांमधल्या उसंतीत
कातळावरचे पेर्सेबेस खरवडून काढणारी.
ऑगस्टपासून तिच्या पायाला कातळ कळत नाही.
बुटात शिरलेला खिळा
तिला रात्री कळला, मोजा लाल दिसल्यावर.

मी मायक्रोटोमचं चाक फिरवते.
पाच मायक्रॉनचे काप,
कांद्याच्या पापुद्र्याहून तलम,
कोमट पाण्यावर पसरतात.
काचेवर उचलताना श्वास धरायचा.
शिंक आली तर बाईचा पाय
गेला नळाखाली.

फ्रिजमध्ये लेक्टिनच्या कुप्या:
एक शेंगदाण्याची, एक गव्हाच्या अंकुराची,
आणि एक तोशोच्या बियांची.
हाच तो काटेरी तोशो
जो इथल्या टेकड्यांवर फेब्रुवारीतच पिवळा पेटतो,
जो गुरांखाली अंथरायला, चुलीत सारायला
एर्मितासनं लहानपणापासून विळ्यानं कापला.

पेशींच्या अंगावर साखरेची लव असते.
प्रत्येक बी आपली साखर ओळखतं,
गाय वासराला ओळखते तसं, न बघता.
त्यावर अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन,
त्यावर एका झणझणीत मुळाचं विकर
(स्वयंपाकघरच म्हणा)
आणि मग तपकिरी उमटतं,
जिथं बी चिकटलं तिथंच.

शेजारी साक्षीची काच.
तिच्या वाट्याच्या बीला मी आधीच साखर पाजते.
तोंड भरलेलं, ते कशालाच धरत नाही.
कुणी चांगलं बोललं की
तोंडात साखर पडो, म्हणतात लोक.
इथं उलट आहे.
साखर पडलेलं तोंड मुकं,
आणि ते मुकं राहिलं
तरच दुसऱ्याच्या बोलण्यावर विश्वास.

ते दुसरं काय बोललं:
बारीक रक्तवाहिन्यांची तपकिरी कडी,
भिंती जाड, पदरावर पदर,
मध्ये टाचणीच्या टोकाएवढी वाट.
गव्हाच्या काचेवर, जिथं दाटी हवी
तिथं रिकाम्या जागा.
मोजते. चुकते. परत मोजते.
एका कोपऱ्यात मात्र
चार-पाच कोवळे तंतू एकाच झुबक्यात,
जणू कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना.

डॉक्टर आन्तियानं अहवालात लिहिलं:
पुनर्जनन, अल्प.

टाके काढायला आली तेव्हा
एर्मितास जिना उतरून खाली आली.
नियमात बसत नाही, तरी मी तिला खुर्ची दिली,
भिंग तिच्या डोळ्याला जुळवलं.
"तोशो? माझ्या पायात?"
ती इतकी हसली की काच हलली.
"पन्नास वर्षं टोचला मेला,
आणि या खेपेला कळलंसुद्धा नाही!"
मग बराच वेळ काही बोलली नाही.
झुबका कुठला, तेवढं विचारलं.
मी दाखवला. तिला दिसला की नाही,
मला माहीत नाही.

वर जाताना प्रत्येक पायरी
आधी डोळ्यांनी चाचपली, मग पाऊल.

संध्याकाळी काचा पेटीत लावल्या.
साक्षीची तेवढी उजेडाला धरून पाहिली.
कोरी.
असायला हवी तशी.