उणे व्ही

हल शहरात जानेवारीत चारच्या आतच काळोख.
कानांच्या दवाखान्याची मागची खोली,
फळीवर खोक्यांत जुने कानाचे साचे,
आणि मी दहा ओळींची एक फाइल लिहितेय.
दहा माणसं. सगळी खोटी.

मंगळवारी ऑक्सटबीबाई आल्या होत्या
आमचंच पत्र घेऊन:
प्रिय डेस्मंड, बॅटरी बदलायची वेळ झाली आहे.
डेस्मंड नोव्हेंबरातच गेले.
बाईंनी पर्समधून काडेपेटी काढली,
आत त्यांचं यंत्र, बारीक शिट्टी घालत.
"पत्रात होतं म्हणून बदलली मी बॅटरी.
आता बंद कसं करायचं तेवढं सांगा.
रात्रभर ड्रॉवरमध्ये वाजतं."

म्हणून ही चाळण.
चाळायचं तर आधी ठरवावं लागतं
आपलं कुठलं, वरचं की खालचं.
चहाचं खालचं, धुतलेल्या तांदळाचं वरचं.
ग्रेप शोधतं ते ठेवतं.
उणे व्ही लावलं की शोधतं ते टाकतं.
शोधायचा आहे शेवटच्या रकान्यातला डी,
जो आमच्याकडे गेलेल्यांना लावतात.

खोट्या दहांत तिघांना मी मारलं:
एकाला नीट डी,
एकीला धाकट्या लिपीतला
(सोमवारी सकाळी कुणीही असंच टाइप करतं),
एकाच्या डीनंतर एक मोकळी जागा.
बाकी सात जिवंत.
त्यांत डोरीन, डेव्हिड,
आणि नाव सुचेना म्हणून देवस्थळी, म्हणजे मीच.

पहिली फेरी. एंटर.
पाच गळले.
त्यांत मेलेले दोनच.
डोरीन गेली, डेव्हिड गेला, मी गेले,
नुसत्या आद्याक्षरापायी.
धाकट्या डीची बाई मात्र बसून राहिली यादीत,
तिला पत्र जाणार.

दुसरी फेरी. डीपुढे डॉलरचं चिन्ह,
म्हणजे ओळ जिथे संपते तिथलाच डी.
पौंडांच्या देशात डॉलरवर भिस्त.
एंटर.
फक्त एक गळला.
मोकळ्या जागेवाला त्या एका जागेच्या आडोशाने
सहीसलामत.

तिसरी. आधी स्वल्पविराम, मग डी, धाकटा किंवा थोरला,
मग कितीही मोकळ्या जागा, मग शेवट.
एंटर.
सात.
डोरीन आहे. डेव्हिड आहे.
मी आहे, चौथ्या ओळीत.
एकटीच हसले. मोरीन थॅक्रेने दारातून डोकावून पाहिलं
आणि पुन्हा फोनकडे गेली.

मग खरी फाइल.
आत चार हजार आठशे बारा.
एंटर.
बाहेर चार हजार आठशे बारा.

पुन्हा मोजलं. तेवढेच.
एकही कुणी मेलेलं नाही
एवढ्या मोठ्या बंदरगावात.

कारण ठाऊक होतं मला, निदान अंदाज होता:
एक्सेलमधून आलेल्या फाइलला
प्रत्येक ओळीअंती एक न दिसणारं अक्षर चिकटलेलं असतं,
जुन्या टाइपरायटरचं, गाडा मागे सरकवायचं.
ते पुसायला एक ओळ पुरते.
ती लिहून ठेवली
आणि एंटरवर बोट ठेवून बसले थोडी.
रेडिएटर टकटकत होता.
चार हजार आठशे बारा.

चार हजार पाचशे एक्क्याऐंशी.

उरलेले दोनशे एकतीस तपासायला हवेत,
त्यासाठी उणे व्ही काढायचा,
तीच चाळण, आता खालचं आपलं.
मोरीन कोट घालून उभी होती, तरी बसली.
एकेक नाव वाचत गेली, भराभर, मग हळू.
"हा बीप ऐकू आला नाही तरी बटण दाबायचा.
मला वाईट वाटू नये म्हणून."
डेस्मंड ऑक्सटबी एकशे चौदावा.
तिथे ती काही बोलली नाही.

कमांड एका फाइलमध्ये ठेवली,
वर शेरा: दहा ओळींवर चाचणी केली, ठीक.
दिवा मालवला. दार ओढताना
फळीवरच्या कुठल्याशा खोक्यातून
शिट्टीसारखं काही आलं,
की माझ्याच कानात होतं.
परत जाऊन पाहिलं नाही.
बस पाच दहाची होती.