बुडालेल्या बिया

तेओफिलाने कॉफीच्या डब्यात घालून आणून दिल्या,
मॅग्डालेनामागच्या डोंगरात तिच्या भावाने वेचलेल्या.
पिन्यॉन म्हणतात इथे. आपल्या चिलगोज्याची
ठेंगणी, जाडसर चुलत बहीण.
"भाजलेल्या नाहीत," ती म्हणाली,
"मागे एका मास्तराने भाजलेल्या पेरल्या होत्या.
दोन वर्षं पाणी घालत होता."

रात्रभर भिजत ठेवल्या.
सकाळी तरंगत होत्या त्या पोचट.
बुडाल्या त्या तरल्या.
साठातल्या एकेचाळीस.

मग ओल्या वाळूत कालवून फ्रीजमध्ये,
कोथिंबिरीच्या खणात, विरजणाला खेटून, तीन महिने.
हिवाळा होऊन गेला असं त्यांना वाटायला हवं.
नवरा दर रविवारी पिशवी उचलून विचारायचा,
हे खायचं आहे का?

मार्चमध्ये नळाचे तुकडे कापले, हात हात लांब.
कुंडी चालत नाही, हे झाड आधी खाली वाढतं.
वर दोन बोटं हिरवं दिसतं तेव्हा
मूळ तळाला टेकून पुढची वाट विचारत असतं.

कामावर मी तबकड्यांच्या सांध्यांना ग्रीस लावते.
मैदानभर उभ्या त्या पांढऱ्या तबकड्या
कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली कुजबुज टिपतात,
आणि मला तिथे कधी घाई होत नाही.
घरी आले की मात्र बूट न काढता
नळ्यांवर वाकते.

एकोणिसाव्या दिवशी पहिलं आलं.
डोक्यावर टरफल तसंच, न्हाऊन आलेल्या पोराने
टॉवेल गुंडाळून फिरावं तसं.
मी ते अलगद काढायला गेले
आणि शेंडाच हातात आला.
दुसऱ्याला बोट लावलं नाही.

उंदराने एका रात्रीत नऊ नेली,
प्रत्येक नळीत एक नेटकं भोक ठेवून.
काही मानेशी कुजली. ती माझीच चूक.
हात कोकणातला, पाणी घालताना थांबायला शिकला नाही,
आणि इथे त्या जुलैपर्यंत ढग आले ते
नुसता ओल्या मातीचा वास दुरून दाखवून गेले.
समोरच्या उतारावर मोठी झाडं उभ्या उभ्या तांबडी पडली,
आतून किड्यांनी पोखरलेली.

सहा उरली.
तीन वर्षांत वीतभर.

या ऑक्टोबरात तेओफिला एक न्यायला आली.
एक्याऐंशीची आहे. सगळ्यांत वाकडं निवडलं.
"बिया कधी धरतील?"
मी मनात आकडे मांडले, मग सांगितलंच:
पंचवीस वर्षांनी, पाऊस नीट झाला तर.
डबाभर हव्या असतील तर साठ-सत्तर.
बसची वेळ ऐकून घ्यावी तशी तिने मान हलवली.

तिच्या परसात मी खड्डा खणला. जमीन दगडासारखी,
पहारीचा आवाज पार रस्त्यापर्यंत.
ती कमरेवर हात ठेवून वर बघत राहिली,
जिथे अजून काहीच नव्हतं तिथे.
मग नळी उचलून चार पावलं पूर्वेला ठेवली.
"तिथे नको. संध्याकाळी सावली
डोलोरेसच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाईल."

दुसरा खड्डा खणला.
पहिला मी बुजवायला घेतला, तर नको म्हणाली.
पुढच्या वर्षी त्यात काय लावायचं
ते ती ठरवणार आहे.